खुर्चीतला गेन्झो

गुणवंत पारखेच्या जपानीचं ऑफिसात कोणी फारसं कौतुक करत नसे, कोडिंगचंही बेताचंच करत. पण नेमावाशी करावी तर पारखे-साननीच, याबद्दल अख्ख्या मजल्याचं एकमत होतं.

नेमावाशी हे मूळचं माळ्याचं काम. मोठं झाड एका जागेवरून दुसरीकडे हलवायचं असलं की आधी कित्येक दिवस त्याच्या मुळांभोवतीची माती हलक्या हाताने मोकळी करत राहायची. जपानी ऑफिसांनी तेच काम माणसांवर आणलं. इथे मीटिंगमध्ये कोणी काही ठरवत नाही. मीटिंगच्या आधी एकेकाला टेबलापाशी, कॉफीच्या मशीनपाशी, लिफ्टमध्ये गाठायचं आणि "असं असं म्हणतोय, तुम्हाला कसं वाटतं?" असं विचारत फिरायचं. मग मीटिंगमध्ये सगळ्यांनी नुसत्या माना डोलवायच्या. पुण्यात नोकरी केलेल्या माणसाला हे जमणं तसं कठीणच, कारण तिथे मीटिंग बोलावतात तीच मुळी भांडायला. पण गुणवंतने ही विद्या अशी काही आत्मसात केली की जपानी लोकच त्याला विचारायला येऊ लागले, अमक्याकडे आधी जाऊ की तमक्याकडे.

तर या गुणवंतला फेब्रुवारीच्या सुरुवातीला त्याच्या साहेबांनी, मोरी-साननी, लहान मीटिंग रूममध्ये नेलं आणि दार लावून घेतलं. एप्रिलपासून उत्तरेला, साप्पोरोला, कंपनीचं नवं सेंटर सुरू होणार होतं आणि ते पारखे-साननी सांभाळावं अशी वरच्यांची इच्छा होती. गुणवंतने "एक मिनिट" असंही म्हटलं नाही. खुर्चीतून अर्धवट उठून, कमरेत वाकून तो तिथल्या तिथे हो म्हणाला. पुढच्या बारा दिवसांत त्याने या बदलीसाठी अकरा जणांची मनं वळवली. क्वालिटीवाल्या बाईंना वळवलं, नेटवर्कवाल्याला वळवलं, आपल्याच टीममधल्या अंबरीषला वळवलं, इतकंच काय, ज्यांचा या प्रकरणाशी काडीचाही संबंध नव्हता त्या रिसेप्शनवरच्या आजोबांनाही वळवलं. बारावी व्यक्ती तेवढी राहिली होती. ती उरायासुला त्याच्याच घरात राहत होती, रोज सकाळी त्याला डबा भरून देत होती, आणि तिच्या कानावर त्याने यातलं अक्षरही घातलं नव्हतं.

आता वीस दिवस व्हायला आले होते आणि सोमवारी एचआरला फॉर्म द्यायचा होता. नाव, पत्ता, नवी जागा किती खोल्यांची हवी वगैरे झाल्यावर तळाशी एक चौकोन होता: 'कुटुंबाशी चर्चा झाली आहे.' गुणवंतने बाकीचा फॉर्म सुवाच्य अक्षरात भरला होता. चौकोन कोरा होता.

त्याची बायको, स्नेहलता, भांडणारी बाई असती तर प्रश्नच नव्हता. भांडण एकदाचं उरकून टाकता येतं. पण स्नेहलता "बरं" म्हणायची. तेरा वर्षांपूर्वी ती पुण्यात एका शाळेत मराठी शिकवत होती. गुणवंतने तिला मधल्या सुट्टीत फोन करून सांगितलं, "अगं, व्हिसा आला! जपान!" ती म्हणाली, "बरं." पुढे इचिकावाहून उरायासुला यायचं ठरलं, तेव्हाही त्याने आधी घराचा करार केला आणि मग घर दाखवायला तिला नेलं. तिने खोल्या पाहिल्या, स्वयंपाकघरातला नळ सोडून पाहिला आणि म्हणाली, "बरं." त्यानंतर आठ दिवस घरात मुळ्याची भाजी झाली. इथे मुळे मांडीएवढे जाड असतात आणि बारमाही मिळतात. गुणवंतला मुळ्याच्या वासानेसुद्धा मळमळतं. इचिकावा ते उरायासु अंतर ते केवढं, त्याला आठ दिवस मुळा, तर साप्पोरो विमानाने दीड तासावर आहे, तिथे किती दिवस मुळा होईल याचा हिशेब तो मनात करत बसे.

शिवाय आता स्नेहलता नुसती सोबत आलेली बायको राहिली नव्हती. इथल्या एका पाळणाघरात ती गेल्याच वर्षी कायम झाली होती. आणि तिचा रविवारचा वर्ग होता. सहा वर्षांपूर्वी तीन मुलांना घेऊन सुरू केलेल्या त्या वर्गाला आता चौदा मुलं येत. दर रविवारी दहा वाजता कम्युनिटी हॉलच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत मराठी गोष्टी वाचायच्या आणि त्यांच्यावर बोलायचं. मुलं इथेच वाढलेली, रागावली की जपानीत रागावणारी. पण त्या दोन तासांत ती मराठीत भांडत, आणि त्याचा स्नेहलताला कोण अभिमान. या वर्गातलं गुणवंतचं काम एवढंच की पांढरा फळा उचलून दुसऱ्या मजल्यावर न्यायचा. फळा भिंतीला टेकवला की तो समोरच्या कोंबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात, कॉफी प्यायला जाई, तो बारा वाजता फळा उतरवायला परत.

या हिवाळ्यात स्नेहलताने वर्गासाठी विषय घेतला होता, नव्या मुलखात जाऊन घर मांडणाऱ्या पहिल्या लोकांच्या जुन्या गोष्टी. अमेरिकेतल्या गवताळ रानात बैलगाडीतून गेलेल्या एका कुटुंबाची गोष्ट वाचून झाली होती. मुलांनी बाटलीत साय घालून, तास-तासभर हलवून लोणी काढलं होतं आणि खोलीचा गालिचा तुपकट केल्याबद्दल हॉलच्या व्यवस्थापकांना माफीचं पत्रही लिहिलं होतं.

"आता इथलीच एक गोष्ट घ्यावी म्हणते," गुरुवारी जेवताना स्नेहलता म्हणाली. "दीडशे वर्षांपूर्वी लोक उत्तरेला होक्काइदोवर गेले ना, जंगल तोडून शेतं करायला. लायब्ररीत चांगलं जुनं पुस्तक मिळालंय. पण ते मराठीत कोण करणार? मला एवढी कांजी अक्षरं वाचता येत नाहीत."

होक्काइदो म्हणजे ते बेट, ज्याच्यावर साप्पोरो आहे. गुणवंतचा घास हातात तसाच राहिला. अकरा जणांना वळवणाऱ्या माणसाच्या डोक्यात बारावी वाट लख्ख उघडली.

"मी करतो," तो म्हणाला. "भाषांतरही करतो आणि रविवारी वाचूनही दाखवतो."

"तू?" राधिका, त्याची अकरा वर्षांची मुलगी, ताटातून मान वर करून म्हणाली. "बाबा, तू मराठी वर्गात येणार? आतमध्ये?"

"का? मला मराठी येत नाही?"

स्नेहलता त्याच्याकडे नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "बरं."

गुणवंतचा बेत साधा होता. मुलांना उत्तरेचं असं वेड लावायचं की राधिकाने घरी येऊन आपणहून म्हणावं, आई, आपण तिकडेच राहायला जाऊ या ना. मुलीचा हट्ट म्हटल्यावर आई विरघळणार. आणि मग आपण सहज म्हणायचं, काय योगायोग बघा, आजच ऑफिसात साप्पोरोचा विषय निघाला होता. त्याने शुक्रवारी आणि शनिवारी बसून गोष्ट मराठीत उतरवली, सेहेचाळीस स्लाइड केल्या, त्यांतल्या तीसवर नुसता बर्फ होता. रविवारी सकाळी तो फळ्याबरोबर विजेचा कुकर, पाच किलो होक्काइदोचे बटाटे, मक्याची कणसं आणि लोण्याचे दोन डबे घेऊन दुसरा मजला चढला. त्या दिवशी तो कोंबिनीत गेला नाही.

सुरुवात झकास झाली. गोष्ट होती शिकोकू बेटावरच्या गेन्झो नावाच्या शेतकऱ्याची. पुराने त्याच्या शेतातली माती वाहून गेली होती. गावात सरकारी अधिकारी आला, म्हणाला, उत्तरेला चला, जितकी तोडाल तितकी जमीन तुमची. गेन्झोने यादीत नाव लिहिलं. मग तो, बायको तोमे आणि मुलगी किनु बोटीत बसले. तोमेने लोणच्याची मातीची बरणी कापडात गुंडाळून सगळी वाट मांडीवर धरली. तिथे गेल्यावर छपरापर्यंत बर्फ, झाडांच्या सालींचं घर, बटाट्याचं पहिलं पीक, नांगराचा घोडा, आणि एका रात्री दारात आलेलं अस्वल.

"कुमा!" नऊ वर्षांचा आदित्य ओरडला. कुमा म्हणजे अस्वल. "केवढा होता कुमा?"

"या खोलीएवढा," गुणवंतने ठोकून दिलं.

"सुगोइ!" चौदा तोंडं एकदम म्हणाली, म्हणजे भारीच. कुकरातून मक्याचा वास सुटला होता. मागच्या बाजूला स्नेहलता बशा मांडत होती. पहिल्या रांगेत राधिका गालावर हात ठेवून बर्फाकडे बघत होती. गुणवंतला वाटलं, झालं काम. त्याने शेवटची स्लाइड लावली: 'उत्तरेला राहायला जाण्याचे पाच फायदे सांगा.'

"काका, खुर्ची कधी?" सहा वर्षांच्या पुष्करने विचारलं.

"कसली खुर्ची?"

चौदा मुलांनी त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. मग राधिकानेच उठून कोपऱ्यातली लोखंडी घडीची खुर्ची आणली आणि फळ्यासमोर उघडून ठेवली.

"गोष्ट झाली की वाचणारा इथे बसतो," तिने समजावलं. "मग तो गोष्टीतला माणूस होतो आणि आम्ही त्याला प्रश्न विचारतो. नियम दोन. खुर्चीतल्याला तू म्हणायचं, मोठा असला तरी. आणि खुर्चीतल्याने खरं बोलायचं."

"खरं म्हणजे?"

"त्या माणसाला मनात खरं काय वाटत होतं ते," मागून स्नेहलता म्हणाली. "मुलांना उगाच गोड गोड सांगायचं नाही. बस ना. गेन्झो हो."

सहा वर्षं फळा वाहून गुणवंतला या खुर्चीचा पत्ता नव्हता. तो बसला. खुर्ची लहान मुलांच्या मापाची होती, त्यामुळे त्याचे गुडघे हनुवटीपर्यंत आले.

"गेन्झो, तू कुमाला घाबरलास का?" आदित्यने सुरुवात केली.

"जरासा. पण दार लावून घेतलं."

"झाडाच्या सालीचं दार? कुमा ते एका फटक्यात तोडेल."

"आतून बटाट्याची पोती लावली," गुणवंत म्हणाला, आणि स्वतःच्या हजरजबाबीपणावर खूश झाला. मुलंही खूश झाली. मग बारा वर्षांच्या दीप्तीने हात वर केला. दीप्ती वर्गातली सगळ्यात मोठी. तिच्यासमोर वही होती आणि वहीत तिने गोष्ट ऐकताना काहीतरी टिपून ठेवलं होतं.

"गेन्झो, तू यादीत नाव कधी लिहिलंस?"

"अधिकारी आला त्याच दिवशी. मोठा माणूस समोर उभा असताना नाही कसं म्हणणार?"

"आणि तोमेला कधी सांगितलंस?"

गुणवंतला आपल्याच भाषांतरात बघावं लागलं. "बोट सुटायच्या आदल्या दिवशी."

"मध्ये किती दिवस होते?"

ते पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं होतं. भाषांतर करताना त्याने तो आकडा दोनदा तपासला होता आणि तरीही त्याला तेव्हा काही वाटलं नव्हतं. "वीस," तो म्हणाला.

"वीस दिवस तू काय करत होतास?"

"काय करत होतो म्हणजे? तयारी!" गुणवंत सरसावून बसला. "एकदम उठून जाता येत नाही. गावच्या मुख्याला भेटावं लागतं. शेजाऱ्यांना विचारावं लागतं, देवळाच्या पुजाऱ्याला विचारावं लागतं. प्रत्येकाकडे जाऊन, शांतपणे बसून, तुम्हाला कसं वाटतं असं विचारायचं. मग कोणी आडवं येत नाही. याला पद्धत असते."

यातलं एक अक्षर पुस्तकात नव्हतं.

"म्हणजे तू सगळ्यांना विचारलंस," दीप्ती म्हणाली.

"हो! सगळ्यांना."

"तोमेला सोडून."

"तसं नाही," गुणवंत म्हणाला. "तोमेचा नंबर शेवटचा होता."

"घोड्याला विचारलंस?" पुष्करने विचारलं.

"घोडा तिकडे गेल्यावर मिळाला."

"मग तेव्हा त्याला विचारलंस?"

"घोड्याला कोणी विचारत नाही रे!"

"आणि होक्काइदोवर आधीपासून आइनू लोक राहत होते," दीप्ती म्हणाली. "आम्हाला शाळेत शिकवलंय. त्यांची जमीन होती ती. त्यांना विचारलंस?"

"ते... ते सरकारने बघायला हवं होतं."

"म्हणजे त्यांनाही नाही." दीप्तीने वहीत लिहून घेतलं. तिने न विचारलेल्यांची यादी केली होती आणि तिच्यात आता तोमे, घोडा आणि आइनू अशी तीन नावं होती. गुणवंतने घाम पुसला. कुकरची वाफ फार झाली आहे असं तो पुटपुटला, पण कोणी ऐकलं नाही.

"आणि किनुला?" हा आवाज राधिकाचा होता.

"किनु लहान होती."

"अकरा वर्षांची होती. तूच वाचलंस आत्ता. तिची मैत्रीण असेल ना गावात?"

"नव्या गावात नव्या मैत्रिणी मिळतात."

"तुला कसं माहीत? तू पाचवीत असताना शाळा बदललीस कधी?"

गुणवंत पहिलीपासून दहावीपर्यंत एकाच शाळेत, बहुतेक एकाच बाकावर बसला होता. नियम खरं बोलायचा होता. "नाही," तो म्हणाला.

"मी एक विचारू?"

स्नेहलता मागून पुढे आली होती. तिच्या हातात लोणी लावलेलं कणीस होतं आणि आवाज अगदी रोजचाच होता. मुलं आनंदाने ओरडली, कारण मावशी स्वतः कधी प्रश्न विचारत नसत.

"गेन्झो," ती म्हणाली, "तोमेला का नाही सांगितलंस? ती नाही म्हणेल म्हणून?"

एखाद्या वेळी माणसाला खोटं बोलायला वेळच मिळत नाही. "नाही," गुणवंत म्हणाला. "ती बरं म्हणेल म्हणून. नाही म्हणाली असती तर बोललो तरी असतो, भांडलो असतो. ती बरं म्हणते. आणि मग मला कधीच कळत नाही तिला काय हवं होतं. आधीच्या वेळेला काय हवं होतं, तेही अजून कळलेलं नाही. मला त्या बरंचीच भीती वाटते."

एवढं बोलल्यावर तरी त्याने गप्प बसायचं. पण वर्ग असा चिडीचूप झालेला पाहून तो घाबरला आणि घाबरला की गुणवंत माहिती देऊ लागतो. "पण तोमेचं नुकसान काहीच नाही," तो घाईघाईने म्हणाला. "तिकडे घरं उबदार असतात. तीन खोल्यांचा फ्लॅट, जमिनीखालून हीटिंग, आणि स्टेशन चालत सात मिनिटांवर!"

"गेन्झोकडे फ्लॅट होता?" पुष्करने डोळे मोठे करून विचारलं.

सगळी मुलं खो खो हसत सुटली. आदित्य तर गालिच्यावर लोळायला लागला. दीप्ती पुस्तकाची पानं मागेपुढे करून स्टेशन कुठे आहे ते शोधू लागली. एकटी राधिका हसली नाही. ती उभी राहिली आणि तिने जपानीत विचारलं, "बाबा, आपण जाणार आहोत का?" वर्गात जपानी बोलायचं नाही हा तिच्या आईचा सहा वर्षांचा दंडक होता. तो मोडल्याबद्दल त्या दिवशी तिला कोणी टोकलं नाही.

बारा वाजता खोली सोडायची म्हणजे ती आधी होती तशी करून सोडायची. कणसांची बुरकुंडं जळणाऱ्या कचऱ्याच्या पिशवीत, लोण्याचे डबे धुऊन प्लॅस्टिकच्या पिशवीत, खुर्च्या घडी करून भिंतीला. गुणवंतने तीनदा पुसलेला गालिचा चौथ्यांदा पुसला, कारण पुसणं संपलं की घरी निघावं लागणार होतं.

घरी जायचा रस्ता नदीच्या बांधावरून होता. राधिका वीस पावलं पुढे, कोणाकडे न बघता चालली होती. मागे गुणवंत, काखेत फळा घेऊन. शेजारी स्नेहलता, हातात कुकर.

"सतरा दिवस झाले मला कळून," ती म्हणाली.

फळा गुणवंतच्या काखेतून निसटला आणि त्याने तो गुडघ्यावर झेलला. "कोणी सांगितलं?"

"अनघाने. तू अंबरीषला तिसऱ्या दिवशी पटवलंस ना, त्याने त्याच संध्याकाळी घरी बायकोला सांगितलं. काही लोक सांगतात."

"मग तू बोलली का नाहीस?"

"तू कधी सांगतोस ते बघत होते. रोज वाटायचं, आज सांगेल. गुरुवारी गोष्ट वाचतो म्हणालास, तेव्हा तर खात्रीच झाली की आता सांगणार. आणि तू मका उकडत बसलास!"

"म्हणजे मुलांना तू पढवलं होतंस?"

"एका शब्दानेही नाही. अरे, ही मुलं प्रत्येक गोष्टीला हेच विचारतात. बैलगाडीवाल्या गोष्टीतही पहिला प्रश्न हाच होता, आईला विचारलं का. सगळी बदल्यांच्या घरातली आहेत ती. तू कोंबिनीत कॉफी पीत होतास."

गुणवंतने फळा बांधावरच्या बाकाला टेकवला. त्याला एकदम स्वतःची फार लाज वाटली. रिसेप्शनवरच्या आजोबांना त्याने दोनदा विचारलं होतं. पहिल्यांदा ते घाईत होते म्हणून दुसऱ्यांदा, चहा घेऊन गेला होता. त्याने राधिकाला हाक मारली. ती आली, पण तीन पावलांवर थांबली.

"इथे बसा दोघी," तो बाक दाखवून म्हणाला. "ही खुर्ची. नियम तेच."

त्या बसल्या. तो समोर उभा राहिला आणि अकरा जणांसमोर न अडखळलेली त्याची जीभ पहिल्याच शब्दाला अडखळली. "स्नेहल," तो शेवटी म्हणाला, "मला साप्पोरोला बोलावलंय. मला जावंसं वाटतंय. तुझा विचार न घेता मी हो म्हणून आलो, ते चुकलं. पुण्याहून येतानाही तेच केलं होतं, तेही चुकलंच होतं. आपण जायचं का? तुला काय वाटतं?"

स्नेहलताने "ब" म्हणायला ओठ मिटले आणि ते तसेच राहिले. नदीवरून वारा येत होता. मग तिने डोळे पुसले आणि ती चक्क वैतागली.

"काय माणूस आहेस रे! सतरा दिवस मी 'नाही' तयार ठेवलंय. पाळणाघर, वर्ग, हिची शाळा, सगळी कारणं पाठ केलीत. तू विचारणारच नाहीस हे धरून चालले होते. आता विचारलंस तर मला खरंच विचार करायला लागणार."

"मग काय सांगू ऑफिसात?"

"मला काय माहीत? मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. याला किती दिवस लागतात तेच मला ठाऊक नाही."

"मी नाही म्हटलं तर चालेल?" राधिकाने विचारलं. या वेळी मराठीत.

"चालेल," गुणवंत म्हणाला.

"खरं?"

"खुर्चीतल्याने खरं बोलायचं असतं ना? मग विचारणाऱ्यानेही."

राधिकाने थोडा वेळ बुटाच्या टोकाने माती उकरली. "मग मी पण विचार करते," ती म्हणाली. "पण घोड्यासारखं नाही चालणार. रोज विचारायचं." आणि तिने फळ्याचं एक टोक उचललं.

सोमवारी सकाळी गुणवंत मोरी-सानच्या टेबलापाशी गेला आणि त्याने चौकोन कोरा असलेला फॉर्म समोर ठेवला. मोरी-साननी चष्मा कपाळावर चढवला. पारखे-सान आणि अपूर्ण फॉर्म, असं कधी झालं नव्हतं.

"घरची नेमावाशी अजून व्हायची आहे," गुणवंत वाकून म्हणाला. "मुदत वाढवून मिळावी. उत्तर नाही असंही येऊ शकतं."

"किती जण आहेत?"

"दोन."

मोरी-साननी कॅलेंडरकडे पाहिलं. "ऑफिसातल्या अकरा जणांना बारा दिवस लागले होते."

"हो."

"मग दोघींना?"

"सांगता येत नाही," गुणवंत म्हणाला.

मोरी-सान बदलीवर सात वर्षं ओसाकाला, घरच्यांना मागे ठेवून, एकटे राहून आलेले, हे सगळ्या ऑफिसला माहीत होतं. त्यांनी फॉर्म उचलला, त्याच्यावर तारीख नसलेली एक चिठ्ठी चिकटवली आणि तो परत गुणवंतच्या हातात दिला. "नीट करा," ते म्हणाले. "ही नेमावाशी मोठी आहे."

दुपारी गुणवंतने डबा समोर घेतला. झाकण उघडायच्या आधी तो क्षणभर थांबला, कारण आत काय असेल त्यावर त्याचं बरंचसं अवलंबून होतं. मग त्याने झाकण उघडलं. एका कप्प्यात लोण्यावर परतलेले बटाटे होते आणि दुसऱ्या कप्प्यात मुळ्याची भाजी होती. त्याने आधी मुळा संपवला.